बोटाला काय लावू?

लोक फिजिओथेरपिस्टकडे येतात आणि मलम मागतात. व्यायाम सांगितला की चेहरा पडतो. "ते करतोच मॅडम, पण लावायला काय देता?" हा प्रश्न मी नाशकात तीसेक वर्षं ऐकला. माझं काम हातांचं. मनगट, अंगठा, बोटं. पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये दिवसभर कात्रीनं घडातले खराब मणी काढणाऱ्या बायका यायच्या. त्यांचं बोट सकाळी मिटलं की उघडायचं नाही. पंचवटीतले एक गुरुजी यायचे, त्यांचा अंगठा दुखायचा आणि यजमानांना ते कळू द्यायचं नसायचं. विंचूरचे एक कांदा व्यापारी तर मनगटावर हळद, चुना आणि गुळाचा असा लेप थापून आले होते, की तो काढायला मला चमच्याची पाठ वापरावी लागली. खाली मनगट होतं तसंच सुजलेलं. "पण गुण आहे हो त्यात," ते म्हणाले. मी वाद घातला नाही. ज्याला लेपाचा गुण येतो त्याचा लेप हिसकावून घेऊ नये, त्याच्या शेपटीला व्यायाम बांधून द्यावा, एवढी अक्कल मला सुरुवातीलाच आली होती.

या सगळ्यांपेक्षा हट्टी जमात म्हणजे कडे चढणारे. नाशिकच्या भोवती डोंगर काही कमी नाहीत, त्यामुळे दर रविवारी इथे कोणी ना कोणी दोराला लटकलेलं असतंच. सोमवारी ते माझ्याकडे.

बोटाची रचना थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं समजेल. बोट वाकवणारे मोठे स्नायू बोटात नसतातच, ते कोपराखाली असतात. त्यांच्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, तळहातातून बोटांच्या टोकापर्यंत जातात. या दोऱ्या हाडाला धरून राहाव्यात म्हणून बोटात छोट्या छोट्या कड्या असतात. पायजम्याची नाडी नेफ्यातून जाते ना, तसं. दोन पेरांवर सगळं अंग तोललं की नाडी ताणते आणि नेफा उसवायला लागतो, बहुतेकदा अनामिकेचा. पूर्ण उसवला तर काडी मोडल्यासारखा आवाज येतो. तो आवाज ज्यानं स्वतःच्या बोटातून ऐकलाय तो पुन्हा माझ्याशी वाद घालत नाही. बाकीचे घालतात.

आणि काय काय लावतात म्हणता? पेठकडून आणलेलं मोहाच्या बियांचं तेल, आंबेहळद, रक्तचंदन, निळं जेल, लाल बाम. एकाकडे घोड्यांच्या पायांना चोळायचं मलम होतं. "घोड्याला चालतं तर मला का नाही?" असं त्याचं म्हणणं. घोडा बोटांवर लटकत नाही बाबा, एवढंच मी म्हटलं.

खरं काय ते सांगते, कारण मी निवृत्त झालेय आणि आता कोणाला राग आला तरी चालेल. दुखणं कमी करणारं जेल थोडंफार काम करतं. बोट मांडीसारखं जाड नसतं, त्यामुळे औषध आत थोडं पोचतही असावं. बामाचा थंडावा किंवा चटका हा मात्र सगळा कातडीचा खेळ. कातडीला वाटतं काहीतरी चाललंय, आणि मेंदू दुखण्याकडे जरा दुर्लक्ष करतो. तेल चोळताना दोन मिनिटं हात शांत राहतो, त्याचाही फायदा होतो. पण उसवलेला नेफा यातलं काहीही शिवत नाही. त्याला वेळ लागतो, आधी आराम आणि मग हळूहळू वाढवत नेलेला भार लागतो. हे ऐकायला कोणी पैसे देत नाही.

एकदा एक पोरगा बोटाभोवती अंगठीसारखा फोड घेऊन आला. बाम चोळून वर घट्ट चिकटपट्टी गुंडाळली होती. आत उष्णता कोंडून कातडी भाजली, आणि बाम तेलकट असल्यामुळे पट्टीही सरकली. म्हणजे आधार तर गेलाच, वर चटका फुकट मिळाला. त्या दिवशी मी डोक्याला हात लावला आणि त्याच्या ग्रुपच्या सरांना फोन केला.

हे भालेराव सर. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, आणि अडकलेल्या ट्रेकर्सना सोडवून आणणारा स्वयंसेवकांचा एक ग्रुप चालवणारे. मी त्यांना एक साधी तपासणी शिकवली. जो सर्वांत पुढे चढणार, त्यानं दोर सांभाळणाऱ्याच्या हातात आपले दोन्ही पंजे द्यायचे. दोरवाल्यानं एकेका बोटाच्या मुळाशी आतल्या बाजूनं दाबायचं आणि बोटाकडे न बघता तोंडाकडे बघायचं. चेहरा हलला की तो माणूस त्या दिवशी पुढे जात नाही. पोरांनी त्याचा विधीच करून टाकला. कडा चढण्याआधी नारळ नसेल तर चालेल, पण बोटं दाबल्याशिवाय कोणी पाय उचलत नसे. मला त्याचा अभिमान होता, लपवत नाही.

त्या अभिमानाची परीक्षा एका मार्चमध्ये झाली.

रविवार होता. सकाळी सरांचा फोन आला. त्र्यंबकच्या रांगेतल्या एका किल्ल्यावर कॉलेजचा एक मुलगा पायऱ्यांची वाट सोडून कड्यात शिरला होता आणि मधल्या एका अरुंद कपारीवर अडकला होता. घसरताना मनगट मोडलं असावं. किल्ल्याचं नाव लिहीत नाही, लिहिलं की पुढच्या रविवारी तिथे जत्रा भरेल. मनगट म्हटल्यावर सरांना मी हवी होते. कड्याच्या पायथ्यापर्यंत मी चालू शकते, गुडघे कुरकुरतात तेवढंच.

जीपमध्ये आम्ही सहा जण होतो. त्यातल्या दोघांना इथे ओळखून ठेवा. एक संकेत, सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर, ग्रुपमधला सर्वांत पक्का चढणारा. अवघड जागी पुढे जायचं ते त्यानंच. त्याची उजवी अनामिका जानेवारीपासून माझ्या हाताखाली होती. नेफा अर्धा उसवलेला. चढणं बंद ठेव म्हणून मी सांगितलं होतं आणि तो 'हो मॅडम' म्हणाला होता. दुसरी उज्ज्वला, मखमलाबादची. घरचा भाजीपाला आणि फुलं, पहाटे बाजारात माल पोचवून ही सरावाला यायची. चढायची छान, पण अशा कड्यावर सर्वांत पुढे ती कधीच गेली नव्हती.

"तू कशाला आलास?" मी संकेतला विचारलं.

"बोट बरं आहे आता."

"बघू."

"खाली उतरल्यावर बघा ना मॅडम." त्यानं हातमोजा घातलेला होता, एवढ्या उन्हाचा, फक्त उजव्या हातात. तो खिडकीबाहेर बघत बसला.

त्याला रागवावं असं माझ्या मनात होतं, पण मला एक गोष्ट माहीत होती. आदल्या पावसाळ्यात असाच एक माणूस अडकला होता आणि हे लोक पोचायच्या आत पडला. संकेत सर्वांत पुढे धावत होता, त्यानं ते पाहिलं होतं. तेव्हापासून फोन आला की हा घरी थांबायचा नाही.

कड्याखाली पोचलो तेव्हा ऊन त्या कपारीवर यायला लागलं होतं. अडकलेल्या मुलाचा मित्र खाली दगडावर बसून रडत होता. त्याच्याकडून कळलं, वरच्याचं नाव यश. मान वर करून बघितलं तर एक निळा शर्ट, कड्याला पाठ लावून बसलेला, पाय बाहेर लोंबणारे. डावा हात पोटाशी धरलेला.

"काका, तो मघापासून म्हणतोय झोप येतेय," मित्र म्हणाला.

झोप म्हणजे मान खाली, आणि मान खाली म्हणजे तो खाली. सरांनी आमच्यातल्या दोघांना मागच्या वाटेनं माथ्यावर पाठवलं, वरून दोर सोडायला. पण ती वाट लांबची होती, त्यांना दुपार उलटली असती. ते निघाले आणि सर दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, "यश! मी गणिताचा मास्तर आहे. सतराचा पाढा येतो का?"

वरून काहीतरी आलं. नाही म्हणाला असावा.

"मग आज शीक. सतरा एके सतरा. म्हण माझ्यामागून."

तो म्हणायला लागला. पोरगं कड्यावर लटकलंय आणि सर त्याला पाढा शिकवतायत. हसू यावं असं दृश्य होतं, पण कोणाला आलं नाही. दोन ओळींमध्ये जरा थांबला की आमचे श्वास थांबायचे.

खालून चढून जायचं तर जाणार कोण हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. संकेतनं दोर कमरेला बांधला, मोजा काढून खिशात कोंबला आणि उज्ज्वलापुढे पंजे केले. तिनं एकेक बोट दाबलं, नजर त्याच्या तोंडावर ठेवून. अनामिकेला जोरात दाबलं. संकेतचा चेहरा हलला नाही.

"ठीक हाय," ती म्हणाली, पण जरा आश्चर्यानंच.

मी जवळ गेले. अनामिकेची आतली कातडी, मुळापासून मधल्या पेरापर्यंत, पांढुरकी पडली होती आणि ओल्या फडक्यात बांधून ठेवल्यासारखी सुरकुतली होती. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बधिर करणारं क्रीम. सुई टोचण्याआधी लावतात ते, वर प्लास्टिक गुंडाळून मुरू द्यावं लागतं. गोंदवून देणाऱ्यांकडेही मिळतं. मोजा त्यासाठी होता.

मी खाली वाकून गवताची एक काडी तोडली.

"संकेत, डोळे मिट. मी ज्या बोटाला हात लावीन त्याचं नाव सांग."

"मॅडम, आत्ता?"

"मिट."

त्यानं डोळे मिटले. मी काडीचं टोक त्याच्या अनामिकेवरून मुळापासून वर नेलं, परत खाली आणलं, परत वर नेलं. उज्ज्वला बघत होती. सरांचा पाढा मध्येच थांबला, तेही बघत होते.

"लावा ना मॅडम हात," संकेत म्हणाला. "वेळ नाहीये आपल्याकडे."

मी काडी फिरवतच होते. त्यानं डोळे उघडले, काडी बघितली, आणि त्याचा चेहरा जो दाबल्यावर हलला नव्हता तो आता हलला.

"पोरगं वर आहे मॅडम," तो म्हणाला. "मला दुखलेलं चालतंय."

"दाबलेलं नाही कळलं, पण लटकलास की दुखणारच आहे. क्रीम कातडीपुरतं आहे, आतली कंडरा बधिर झालेली नाही तुझी. पण बोट खाचेत किती गेलं, दगड भुसभुशीत आहे का, हे तुला कातडी सांगते. ती झोपलीय."

"नऊ बोटं आहेत अजून."

"आणि दहावं मध्येच तुटलं तर? वर तू जाशील पोराला सोडवायला, आणि सरांना दोघांना पाढे म्हणायला लावावे लागतील."

"सर, नियम सरावाला ठीक आहेत," तो सरांकडे वळला. आवाज चढला होता. "आपण नियम बघत बसलो आणि तो पडला तर? मागच्या वेळी काय झालं?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत विचारणा होती. संकेतच्या बोटाबद्दल मला खात्री होती. पण अर्धं बोट घेऊन संकेत चांगला, की दहा बोटं घेऊन उज्ज्वला, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. मी 'नको' म्हणाले आणि तो मुलगा पडला, तर ते माझ्या शब्दामुळे झालेलं असणार होतं. मला भीती वाटत होती.

"नको," मी म्हणाले.

"मी जाते," उज्ज्वला म्हणाली.

संकेत तिच्याकडे बघत राहिला. "ही चढायची लाईन तुझ्याकडून होणार नाही."

"तू खालून सांग. नाय झालं तर खाली येईन, त्यात काय. दोर तू धर."

वरून आवाज आला, "सर... पुढे काय?"

"सतरा साते!" सर ओरडले. "तूच सांग!"

संकेतनं कमरेचा दोर सोडला. तो त्यानं उज्ज्वलाच्या कमरेला बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली. मग त्यानं तिचे पंजे हातात घेतले आणि एकेक बोट दाबलं. तिच्या तोंडाकडे इतकं रोखून कोणी आजवर बघितलं नसेल. मीही माझी काडी फिरवली.

"गुदगुल्या होतात मॅडम," ती म्हणाली. मी काडी टाकून दिली.

संकेतच्या मुठीवर माझा भरवसा होता. सगळ्या मुठीनं दोर धरताना त्या कडीवर खाचेत लटकल्याइतका ताण येत नाही. तरी मी त्याच्या शेजारीच उभी राहिले. तो मान वर करून बोलत होता, शांतपणे, पायरी पायरीनं. "डावा पाय वर, तिथे रुंद आहे. आता उजवीकडची भेग. मेख ठोक तिथे. ठोकली का? दोर अडकव." तो सांगेल तशी ती जात होती. मध्ये एकदा तिनं त्याचं ऐकलं नाही आणि दुसरीकडून गेली. तो म्हणाला, "बरोबर आहे, तेच चांगलं आहे."

निळ्या शर्टाच्या थोडं खाली एक फुगवटा होता. तिथे तिनं उजवा हात वर घातला, पकड घेतली, अंग उचललं, आणि तिच्या हातातला दगडच निघून आला.

मी फक्त दोराचा आवाज ऐकला. संकेत पुढे ओढला गेला, दोर त्याच्या उजव्या मुठीतून सरसरत गेला आणि थांबला. उज्ज्वला खालच्या मेखेला लोंबकळत होती. दगड आमच्या बाजूनं गडगडत दरीत गेला. पाढा बंद पडला होता.

"यश!" सर ओरडले. काहीच नाही. "यश!"

"सर, ताई पडली," वरून रडका आवाज आला. तो जागा होता. चांगलाच जागा झाला होता.

"उज्ज्वला?" संकेत म्हणाला. "लागलं?"

"गुडघा खरचटला. थांब जरा." ती लोंबकळत होती तिथेच तिनं हात झटकले. मग म्हणाली, "धरलंयस ना?"

"धरलंय."

ती परत चढली. त्या फुगवट्याशी ती एवढा वेळ थांबली, की मला मान खाली घालावीशी वाटली, पण शेजारी संकेत डोळे न हलवता बघत होता म्हणून मीही बघत राहिले. तिनं एक पकड चाचपली, सोडली. दुसरी चाचपली, बोटं आत सरकवून, थोडा भार देऊन, परत काढून. तिसऱ्या खाचेत बोटं ठेवल्यावर ती काही क्षण हललीच नाही. मग वर गेली.

"पोचले," तिचा आवाज आला. "ह्यो पोरगा लय गरम झालाय सर, पाणी पाजते आधी."

मित्र दगडावरून उठला आणि परत मटकन खाली बसला. सरांनी माथ्याकडे निघालेल्या दोघांना फोन करून मागे बोलावलं. पुढचं सगळं सावकाश झालं. तिनं यशला दोरात बांधलं, संकेतनं त्याला हळूहळू खाली सोडलं, मी त्याच्या मनगटाला फळी लावली. मनगट मोडलंच होतं, पण बोटं गुलाबी होती आणि हलत होती. मित्रानं त्याचा चेहरा धरला, मग मला विचारलं, "मॅडम, याला काही लावायचं का?" मी नाही म्हणाले. एक्स-रे काढायचा आणि प्लास्टर, बस.

शेवटी उज्ज्वला उतरली. तोंड चुन्यासारखं पांढरं, गुडघ्यावर रक्त. ती सरळ संकेतकडे गेली आणि त्याचा उजवा हात दोन्ही हातांत धरला. काही बोलायचं असेल तिला. पण तिनं हात सोडून आपल्या तळव्याकडे बघितलं. तळवा लाल झाला होता.

"हे तुझं हाय का माझं?"

संकेतनं मूठ उघडली. दोर सरसरत गेला होता तिथे अनामिकेच्या मुळाशी कातडी सोलून निघाली होती. दोराचा काळपट पट्टा आणि खाली लाल मांस. नुसतं बघून माझंच बोट चुरचुरलं. तो मात्र दुसऱ्याचा हात बघावा तसा आपल्या हाताकडे बघत होता.

"हे कधी झालं?" त्यानं मला विचारलं.

"ती पडली तेव्हा."

"मला कळलंच नाही." तो पुन्हा म्हणाला, "मॅडम, मला कळलंच नाही."

जखम धुतली, वर कोरडी पट्टी बांधली. इतक्या वेळा ज्याच्यावर खेकसले होते त्याला आता रागवायची माझी इच्छा नव्हती. उज्ज्वलाला त्यानं धरलं होतं. दोर सोलून गेला तरी धरलं होतं, हेही खरंच होतं.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये यश मागे आडवा झोपला होता, आता झोपायला कोणाची हरकत नव्हती. संकेत पुढे माझ्याजवळ बसला होता, हात मांडीवर उताणा ठेवून.

"दुखायला कधी लागेल?" त्यानं विचारलं.

"क्रीम उतरलं की. चांगलंच दुखेल."

त्यानं मान हलवली. मध्ये मध्ये डाव्या हाताच्या बोटानं तो पट्टीच्या कडेला हळूच दाबून बघत होता. महिरावणी गाव मागे पडल्यावर त्यानं दात आवळून श्वास आत ओढला. मी त्याच्याकडे बघितलं. त्याचे डोळे भरले होते.

"आलं मॅडम," तो म्हणाला, आणि मागे वळून उज्ज्वलालाही सांगितलं. "दुखतंय."

"दुखू दे," ती म्हणाली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. नाशिक येईपर्यंत तिनं तो काढला नाही.